आज गारठा आहे, डीकन

झेलिग वोर्त्समान तसा तोंडाचा फटकळ. भाजीवाल्याला तोंडावर सांगे, तुझी कोबी कालची आहे. सिनेगॉगचे, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहाचे, अध्यक्ष ब्लुमेनस्टील, ज्यांचं गावात कपड्यांचं तीन मजली दुकान होतं, त्यांनाही सांगे, की तुम्ही प्रार्थनेत जांभई देता ती मला वेदीवरून दिसते. फक्त एका माणसाला एक गोष्ट तो कधी सरळ सांगत नसे.

शुक्रवारचा सूर्य बुडाला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत शब्बाथ. त्या वेळात यहुद्यानं विस्तव पेटवायचा नाही, आणि दुसऱ्याला 'पेटव' म्हणूनही सांगायचं नाही. हे टॅस्कोला गाव पडलं अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामात. इथं बर्फ पडत नाही, पण हिवाळ्यात सिनेगॉगच्या विटांमध्ये असा दमट गारवा मुरतो, की पोथीचं पान उलटायला बोट वळत नाही. महिन्यातून एकदा बर्मिंगहॅमहून येणारे धर्मगुरू, रब्बाय, म्हणायचे, "रेब झेलिग, थंडीपायी परक्या माणसाला सांगितलं तर चालतं. शास्त्रात मोकळीक आहे." झेलिग ऐकून घेई आणि सोडून देई. त्याचे वडील लिथुआनियातल्या एका खेड्यात हजान होते, प्रार्थना गाऊन चालवणारे. ते म्हणत, देवाशी वकिली करू नये. मोकळीक वकिलांना लागते, गाणाऱ्याला लागत नाही. बापाचा गळा झेलिगकडे आला होता, बापाचं हजानाचं काम आलं होतं, आणि बापाचा हट्टही.

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी, लूशस टॉलिव्हर बाकं पुसून झाडू कोपऱ्यात टेकवत असला, की झेलिग कोटाची बटणं लावत खिडकीकडे बघून म्हणे, "आज गारठा आहे, डीकन."

"आहे खरा, मिस्टर झेलिग," लूशस म्हणे.

बस. दुसऱ्या दिवशी लोक यायच्या आत तळघरातली कोळशाची भट्टी धगधगत असे. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही.

लूशस सिनेगॉगचा राखणदार. झाडलोट, भट्टी, बागेतलं गवत, सगळं त्याच्याकडे. मागच्या दाराची किल्लीही त्याच्या कमरेला. केस पांढरे झाले होते, तरी गावातले गोरे त्याला 'पोऱ्या' म्हणत. झेलिग मात्र त्याला 'डीकन' म्हणे, कारण माउंट नेबो या काळ्यांच्या चर्चमध्ये लूशस खरोखरच डीकन होता, आणि देवाघरचा हुद्दा झेलिगच्या लेखी कुठल्याही हुद्द्याहून मोठा.

"एक विचारू?" लूशस कधी कधी त्याला छेडायचा. "तुमच्या देवाला 'भट्टी पेटव' ऐकू जातं आणि 'गारठा आहे' ऐकू जात नाही. कानानं अधू आहे काय तो?"

"ऐकू सगळं जातं. पण तो सभ्य आहे. न ऐकल्यासारखं करतो."

"आणि जुलैत तुम्ही म्हणालात गारठा आहे, तर?"

"तर समज, म्हातारा चळला. तरी पेटव."

"बघा! सांगितलंत!"

"आज मंगळवार आहे, डीकन. मंगळवारी मी वाटेल ते सांगेन."

दोघांना जोडणारा धागा भट्टीचा नव्हताच, गाण्याचा होता. शनिवारी भट्टी पेटली की लूशस शेवटच्या बाकावर टेकायचा. झेलिग एकटाच गळा मोकळा करत असे. हिब्रूतलं एक अक्षर लूशसला कळत नव्हतं, पण झेलिगचा सूर वर चढून तिथं थरथरत उभा राहिला, की मागून आपसूक यायचं, "हो, देवा!" आणि रविवारी सकाळी झेलिग पावाच्या निमित्तानं बाहेर पडून माउंट नेबोच्या मागच्या बोळात, टोपी हातात घेऊन उभा राहायचा. आत पाद्री आधी साधं बोलायचे. मिसर, फारो, विटा भाजणारे यहुदी गुलाम. मग बोलता बोलता वाक्याला ठेका यायचा, ठेक्याला सूर लागायचा, आणि कधी गाणं झालं ते कुणाला कळायचं नाही. डीकनांच्या बाकावरून लूशसचा खर्ज ध्रुपद उचलायचा आणि सगळं चर्च त्याच्यामागून उठायचं. बोळात उभ्या झेलिगच्या डोळ्यांतून पाणी यायचं. 'हे आमचंच आहे,' त्याला वाटायचं. 'मिसर आमचा, फारो आमचा. पण गातात हे आमच्याहून चांगलं.' असं म्हणायला हजानाला जड जातं, पण खरं ते खरं.

ते साल एकोणीसशे अठ्ठावन्न. बसमध्ये कुणी कुठं बसायचं, शाळेत कुणी कुणाबरोबर शिकायचं, यावरून सगळा दक्षिण मुलूख पेटलेला. सिनेगॉगची माणसं तोंडाला कुलूप लावून होती. तरी कपड्यांच्या दुकानाच्या दारात चिठ्ठ्या पडायच्या, की काळ्यांना फूस लावणारे हे यहुदीच. इतर गावांतून सिनेगॉगमध्ये सुरुंग ठेवल्याच्या बातम्या यायच्या. कुठे वात विझली म्हणून वाचलं, कुठे नाही विझली. ब्लुमेनस्टील म्हणायचे, "आपण मान खाली घालून चालू. वावटळ वरून जाते."

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी हवा अशी कडकडीत झाली, की तळ्याच्या काठचं पाणी गोठलं. झेलिगनं बटणं लावली, खिडकीकडे बघितलं.

"आज गारठा आहे, डीकन."

"आज तर फारच, मिस्टर झेलिग."

सकाळी झेलिग हात धुऊन आशीर्वाद म्हणत होता. तोच खिडकीची तावदानं हादरली आणि बशी टेबलावरून खाली आली. त्याची बायको फ्रूमा स्वयंपाकघरातून म्हणाली, "गॅसचं काही असेल." पण दोघांनाही माहीत होतं, गॅसचं नाही.

तो धावत पोचला तेव्हा पूर्वेची भिंत नव्हती. जिच्याकडे तोंड करून प्रार्थना म्हणायची, ती भिंत. तिच्यातलं पवित्र कपाट तिरकं लोंबत होतं, आणि चुन्याच्या धुरळ्यातून लूशस बाहेर येत होता. कपाळ फुटलेलं, एका कानातून रक्त. राख टाकायला तो मागच्या अंगणात गेला, म्हणून वाचला. पण परत आत गेला होता. कपाटातल्या धर्मग्रंथाची, तोराची, गुंडाळी त्यानं आपल्या कोटात लपेटून लेकरासारखी छातीशी धरली होती, आणि तिच्या दांड्यांवरचे चांदीचे मुकुट खळखळत होते.

"मिस्टर झेलिग," त्याचा आवाज मोठा झाला होता, कारण त्याला स्वतःला ऐकू येत नव्हतं. "ही पडायला आली होती. जमिनीला लागू दिली नाही मी."

झेलिगनं हात पुढे केले. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली.

टॅस्कोलाचे पोलीसप्रमुख ड्युवॉल गाडीतून उतरले, आणि त्यांनी भिंतीच्या आधी चांदीकडे बघितलं. मग लूशसकडे. "पोऱ्या, ते खाली ठेव."

"खाली नाही ठेवता येत, साहेब. जमिनीवर ठेवायचं नसतं."

दोघा शिपायांनी त्याच्या हातातून गुंडाळी हिसकली. झेलिगनं ती झेलली आणि मांडीवर घेऊन तसाच खाली बसला, म्हणून बरं. लूशसचे हात मागे वळवून बेड्या घातल्या, तेव्हा त्याच्या कमरेची किल्ली निघाली.

ड्युवॉल झेलिगकडे वळले. "रब्बाय, आज सकाळी ह्याला तुम्ही आत पाठवलं होतं?"

झेलिग रब्बाय नव्हता, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. भोवती सिनेगॉगची माणसं जमली होती. काही प्रार्थनेच्या शालीतच धावत आली होती. शब्बाथ होता, मांडीवर तोरा होती, आणि प्रश्न असा होता, की आयुष्यभर ज्या एका गोष्टीपासून त्यानं जीभ राखली तीच त्याच्या तोंडात घालत होता. जन्मभराची सवय विचाराच्या आधी बोलली.

"नाही. मी सांगितलं नाही. मी कधीच सांगत नाही."

शिपायानं ते लिहून घेतलं. लूशसला ऐकू आलं नव्हतं. पण त्याचे डोळे झेलिगच्या ओठांवर होते.

"मिस्टर झेलिग," तो गाडीत ढकलला जाता जाता म्हणाला, "त्यांना गारठ्याचं सांगा ना."

"हो, हो! ऐका साहेब," झेलिग उठला. "तो रोजच येतो. म्हणजे शनिवारी. मी त्याला म्हणतो, गारठा आहे. म्हणजे तो येतो. सांगत नाही, पण म्हणतो. भट्टीसाठी."

"तुम्ही म्हणता गारठा आहे, आणि तो दार उघडून आत शिरतो."

"तसंच!"

ड्युवॉल हसले. शिपाईही हसले. "रब्बाय, मीही आज सकाळी बायकोला म्हणालो गारठा आहे. तिनं कुणाच्या देवळात नाही सुरुंग लावला."

गाडी गेली. झेलिग तोरा मांडीवर घेऊन अंगणात बसून राहिला. लूशसचा कोट अजून तिच्याभोवती होता.

त्या दिवसापासून झेलिगच्या जिवाला एकच घोर. जे वाक्य त्याच्या तोंडून गेलं ते परत आणायचं, आणि लूशसला सोडवायचं. रविवारी सकाळीच तो ब्लुमेनस्टीलकडे गेला.

ब्लुमेनस्टीलनी दार लावून घेतलं. "बसा, रेब झेलिग. चहा?"

"चहा कसला घेताय! चला माझ्याबरोबर. दोघं मिळून सांगू, की तो आपला माणूस आहे आणि दर शनिवारी भट्टी पेटवतो. गावाला माहीत आहे."

"माहीत आहे." ब्लुमेनस्टील खुर्चीत टेकले. "कुणी केलं तेही मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, आणि ड्युवॉललाही. त्याचा मेव्हणा त्यांच्यातच उठतो-बसतो. आता मला सांगा, लूशसनं केलं नाही असं आपण सिद्ध केलं, तर मग कुणी केलं? विचारावं लागेल. आणि विचारलं की पुढचा सुरुंग कुणाच्या घरात? माझी नात कोपऱ्यावरच्या खोलीत झोपते."

"म्हणजे लूशसनं तुमच्या नातीसाठी तुरुंगात जायचं."

"असं बोलू नका."

"मग कसं बोलू? गारठा आहे म्हणू?"

ब्लुमेनस्टीलचा चेहरा पडला. वाईट माणूस नव्हता तो. लूशसच्या बायकोला, ओडेसाला, त्यांनी दुसऱ्या दिवशी पीठ, साखर, डुकराचं नसलेलं मांस असं सगळं पाठवलं. तिनं ते दारातूनच परत केलं.

लूशसच्या बचावाला सरकारनं दिलेल्या गोऱ्या वकिलानं झेलिगला साफ सांगितलं. "ज्युरीपुढे हे गारठ्याचं चालायचं नाही. तुम्ही एवढंच म्हणा, की मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, भट्टी पेटव. मग तो आत होता ते तुमच्या हुकमानं. चोर ठरत नाही."

"पण मी सांगितलं नव्हतं."

"मग तो मेला," वकील म्हणाला.

झेलिग घरी आला आणि जेवला नाही. देवाचं नाव घेऊन खोटं बोलायचं, ही गोष्ट त्याच्या गळ्यात हाडासारखी अडकली. फ्रूमा भांडी घासत होती. ती पाठमोरीच बोलली.

"जीव वाचवायला शब्बाथ मोडता येतो ना?"

"मोडलाच पाहिजे."

"योम किपुरचा, वर्षातला सगळ्यात मोठा उपास मोडता येतो?"

"येतो."

"मग तुझी जीभ काय त्याहून मोठी लागून गेली?"

झेलिगनं बायकोकडे बघितलं. जन्मभर आपण हिला स्वयंपाकातलं कळतं असंच धरून चाललो, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं वकिलाला निरोप दिला, की म्हणेन.

न्यायालयात वरच्या सज्ज्यात माउंट नेबोची माणसं दाटीनं बसली होती. खाली पहिल्या रांगेत ब्लुमेनस्टील. लूशसचा एक कान कायमचा गेला होता. तो मान तिरकी करून ऐकत होता. सरकारी वकिलाचा मुद्दा साधा होता. आरोपीनं तरुणपणी कोळशाच्या खाणीत सुरुंग लावायचं काम केलं आहे. त्याच्याकडे किल्ली होती. तो चांदी घेऊन बाहेर येताना सापडला. भिंत उडवायची, चांदी न्यायची, आणि नाव गोऱ्यांवर टाकायचं. आजकाल असंच चाललं आहे.

झेलिगनं टोपी घालूनच शपथ घेतली. आवाज वेदीवर असतो तसाच होता.

"मी त्याला सांगितलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी. सकाळी ये आणि भट्टी पेटव."

सज्ज्यातून हलका निःश्वास आला. लूशसनं चमकून वर बघितलं. तो वर्षानुवर्षं झेलिगला ओळखत होता. आत्ता या माणसानं काय टाकलं, हे त्या सबंध खोलीत त्या एकालाच कळलं.

सरकारी वकील उठला. अगदी नम्रपणे. "मिस्टर वोर्त्समान, तुमच्या धर्मात असं सांगायला परवानगी आहे?"

"...नाही."

"तुम्ही धर्म कडक पाळता, असं सगळं गाव म्हणतं."

"पाळतो."

"आणि त्या सकाळी, रक्त वाहत असताना, तुमच्या पवित्र दिवशी, तुमचा पवित्र ग्रंथ मांडीवर घेऊन तुम्ही म्हणालात, 'मी सांगितलं नाही, मी कधीच सांगत नाही.' तेव्हा खोटं बोललात, की आता?"

झेलिगनं तोंड उघडलं. सूर लागेना.

"तेव्हा... तेव्हा खरं होतं. पण त्याचा अर्थ तसा नाही. मी म्हणतो, गारठा आहे, आणि..."

ज्युरीतला एक जण खाकरून हसला.

मग ब्लुमेनस्टीलना बोलावलं. "तुमच्या हजानाला आरोपीला कधी भट्टी पेटवायला सांगताना ऐकलंत?" ब्लुमेनस्टीलनी रुमालानं मान पुसली. झेलिग त्यांच्याकडे टक लावून बघत होता. एवढंच म्हणायचं होतं, की नाही ऐकलं, पण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं अर्धं वाक्य.

"नाही," ब्लुमेनस्टील म्हणाले. "कधीच नाही ऐकलं." आणि थांबले.

ते खरंच होतं. त्या दिवशी त्या खोलीत झेलिग सोडून सगळे खरं बोलले, आणि लूशस टॉलिव्हरला राज्याच्या तुरुंगशेतीवर राबायची एवढी वर्षं ठोठावली, की त्याच्या वयाच्या माणसानं ती मोजण्यात अर्थ नव्हता.

भिंत उन्हाळ्यात बांधून झाली. गावातल्या चांगल्या लोकांनी वर्गणी दिली. महापौरांनी येऊन शेजारधर्मावर भाषण केलं. ड्युवॉलही आले होते, टोपी काढून उभे होते. रस्त्यापलीकडे दोन तरुण गाडीच्या बॉनेटला टेकून सिगारेट ओढत बघत होते. सगळ्यांनी त्यांना बघितलं; कुणी बघितल्यासारखं केलं नाही. कोळशाची भट्टी काढून तळघरात गॅसचं नवं यंत्र बसवलं. त्याला घड्याळ होतं. शुक्रवारी दुपारी काटा लावून ठेवला, की शनिवारी सकाळी ते आपलं आपण सुरू होई.

"आता कुणाला काही म्हणायलाच नको, रेब झेलिग," ब्लुमेनस्टील म्हणाले. ते झेलिगच्या डोळ्यांत बघत नव्हते.

झेलिग वेदीवर उभा राही. गळा शाबूत होता, सूर चढत होता. पण तो वर जाऊन उभा राहिला की मागच्या बाकावरून काही येत नसे, आणि मग तो सूर तिथून कसा उतरवायचा ते त्याला समजेनासं होई. एका रविवारी तो पुन्हा त्या बोळात गेला. आत पाद्री मिसरला पोचले होते. ध्रुपद उचलायच्या जागी चर्च थबकलं. कुणीतरी दुसऱ्यानं उचललं, पातळ आवाजात. एवढ्यात मागचं दार उघडून ओडेसा बाहेर आली. डोक्यावर रविवारची हॅट.

"तुम्ही इथं उभे राहत जाऊ नका."

"ओडेसा, मी कोर्टात सांगितलं. माझ्या देवाची शपथ घेऊन..."

"ऐकलं मी. सज्ज्यात होते." तिचा आवाज चढला नाही. "पहिल्या दिवशी खोटं बोलायचं होतंत, मिस्टर झेलिग. तेव्हा पुरलं असतं." तिनं बोळाच्या तोंडाकडे नजर टाकली. "लोक बघतात. जळायचं राहिलंय ते एवढं चर्चच. जा तुम्ही."

तो गेला. पुन्हा कधी आला नाही.

पुढच्या हिवाळ्यात तो तुरुंगशेतीवर लूशसला भेटायला गेला. दोन बस बदलून, फ्रूमानं विणलेला स्वेटर कागदात गुंडाळून. स्वेटर दारावरच ठेवून घेतला. बाहेरचे कपडे आत चालत नव्हते. मैदानात तारेचं कुंपण होतं. पलीकडे लूशस आला, तेव्हा झेलिगला आधी तो दुसराच कुणी वाटला. पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यात हाडं आणि खोकला.

"डीकन."

लूशसनं चांगला कान पुढे केला. "मिस्टर झेलिग. गाताय ना?"

"गातो. तू?"

"इथं गातात पोरं, रस्ता खणताना. मला ध्रुपद दिलं होतं त्यांनी." तो खोकला. बराच वेळ खोकला. तारेला धरून उभा राहिला. "आता श्वास पुरत नाही. जमिनीवर निजतो आम्ही. फरशी आहे."

झेलिगनं तारेतून बोटं घातली. लूशसनं त्यांच्याकडे बघितलं, पण हात पुढे केला नाही. पहारेकरी बंदूक घेऊन उभा होता. मग त्यानं मान वळवली आणि दूरवरच्या मोकळ्या शेतांकडे बघत, कुणालाच नाही अशा सुरात म्हणाला,

"आज गारठा आहे, मिस्टर झेलिग."

झेलिगला कळलं. त्याच्याएवढं ते कुणाला कळणार होतं? तो तसाच वळला आणि तडक पहारेकऱ्याकडे गेला. पोरसवदा होता तो, नाक लाल झालेलं, पाय आपटत होता.

"साहेब," झेलिग म्हणाला, आणि त्याचा प्रसिद्ध आवाज फाटला, "त्याला घोंगडी द्या. डॉक्टर बोलवा. मी सांगतो तुम्हाला, स्पष्ट सांगतो. त्याला आत न्या, शेकोटीपाशी न्या. त्याला गारठा आहे."

पहारेकऱ्यानं त्याच्याकडे दयेनं बघितलं.

"हवाच तशी पडलीय, आजोबा," तो म्हणाला. "वेळ संपली."